पाय फिरलेली पँट

सुजाताची बातमी आली तेव्हा मी टेबलावर कापडाचा थर लावत होतो. फोन जावईबापूंचा होता. एवढंच म्हणाले, "मामा, सुजू गेली…" कावीळ म्हणून बदलापूरच्या दवाखान्यात ठेवली होती, बरी होऊन घरी येणार होती. मी फोन खिशात टाकला आणि थर पुरा करूनच उठलो. बघणाऱ्यांना ते दगडासारखं वाटलं असेल. पण अर्धा थर सोडून उठायचं नाही, हे मीच तिला शिकवलेलं.

ती माझी भाची. बहीण लवकर गेली, मग पोर कुळगावात माझ्याच घरी वाढली. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर, शाळा चौथीपर्यंत. सुट्टी लागली की ती माझ्याबरोबर यायची आणि टेबलाखाली चिंध्यांवर बसून अभ्यास करायची. तिथून उठून ती कॉलेजात कॉमर्सची प्राध्यापिका झाली. माझी छाती किती फुगली ते इथे लिहीत नाही, कॅम्पातल्या कुठल्याही चहावाल्याला विचारा.

दोन वर्षांपूर्वी ती मुलांना एआय शिकवायला लागली. मला ते खूळ वाटलं. मी म्हणालो, मशीनच उत्तर देणार तर तुला पगार कशाचा? ती हसली. "मामा, ही पोरं उद्या अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीतल्या कुठल्याही ऑफिसात बसली तर समोर हेच असणार. ते वापरायचं कसं आणि त्याची चूक पकडायची कशी, हे कॉलेजात नाही शिकवायचं तर कुठं, रिक्षा स्टँडवर?" मग एक दिवस पोरं घेऊन कारखान्यात आली. पोरांनी मोबाईलवर त्या एआय मशीनला विचारलं, कमीत कमी कापडात पँटचे तुकडे कसे बसवायचे. मशीनने झकास बसवून दिले, कापड वाचलं, पोरं खूश. फक्त एका पायाचे तुकडे कापडाच्या उभ्या धाग्याला तिरके पडले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुजूने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. एक पँट कापली, शिवली, धुतली. वाळल्यावर एक पाय दोरीसारखा पिळला, बाजूची शिवण नडगीवर आली. पोरं हसून लोळली. त्यातली पूनम नावाची मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "मॅडम, आपण त्याला धुण्याचं सांगितलंच नव्हतं." सुजूचा चेहरा तेव्हा कसा उजळला… तो मला अजून दिसतो. ती पँट तिने वर्गात खिळ्याला टांगली. नियम एकच: मशीनला खुशाल विचारा, पण आधी एक नग कापा, धुवा, मग बोला. काय विचारलं आणि उत्तर कुठे चुकलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. तीच तिची परीक्षा.

प्राचार्यांना ते खपलं नाही. सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरांना कॉपी शिकवताय. आणि हे कॉलेज आहे, कॅम्पातला बाजार नाही." वर्ग बंद झाला. पँट खिळ्यावरून उतरवून त्यांनी फिनेलने फरशी पुसायला दिली. झाडणाऱ्या मावशींनी ती गुपचूप धुऊन सुजूला परत आणून दिली. बाई शहाणी. त्या दिवसापासून सुजूचं नाव पडलं, कॉपीवाल्या मॅडम. तिने भांडण केलं नाही. शेठला विचारून दर रविवारी कारखान्यात वर्ग भरवायला लागली. मी मात्र भांडणार होतो. तिने शपथ घातली म्हणून गप्प बसलो. ती शपथ तिच्याबरोबर गेली.

मग रविवारच्या पोरांना नोकऱ्या लागायला लागल्या. पूनमला अंबरनाथच्या कंपनीत विचारलं, एआय येतं का? ती म्हणाली, येतं, पण त्याचं उत्तर मी आधी एका ऑर्डरवर लावून बघेन. लगेच घेतली तिला. कॉलेजने गेटवर पूनमच्या फोटोचा फ्लेक्स लावला. खाली सुजूचं नाव नाही… प्राचार्यांचं.

आणि आता सुजू गेल्यावर प्राचार्य स्वतः पेढ्याचा पुडा घेऊन कारखान्यात आले. दुखवट्यात पेढे. म्हणाले, कॉलेजात एआयची नवी खोली काढतोय, मॅडमचं नाव देतोय, फीत तुम्ही कापा. आणि ती पँट द्या, काचेत ठेवू, कंपन्यांचे लोक बघायला येतात. मी म्हणालो, "साहेब, फरशी पुसून झाली का तुमची?" त्यांनी तोंडाशी नेलेला पेढा परत पुड्यात ठेवला. मी पुढे म्हणालो, फीत कापायला येतो, कात्री माझी आणतो. पण आधी त्याच स्टाफसमोर, पोरांसमोर, तुम्ही उभं राहून म्हणायचं की मॅडम कॉपी शिकवत नव्हत्या. ते म्हणेपर्यंत कात्री उघडणार नाही, आणि खुर्चीवरून उठणारही नाही. ते म्हणाले, मास्टर, आता जुनं कशाला उकरायचं. मी पुडा त्यांच्या हातात परत दिला.

हे छापून आलं तर त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय. माफ करणं मोठेपणाचं असेल, तो मोठेपणा सुजूकडे होता. माझ्याकडे नाही.

पँट माझ्या टेबलामागे खिळ्याला आहे. काचेत जाणार नाही. रविवारी पोरं अजून येतात, पूनम शिकवते, नवीन आलेला पोरगा आधी त्या पिळलेल्या शिवणीवर बोट फिरवतो. मावशींनी धुतली, सुजूने धुतली, मी कितीदा धुतली, पण जवळ गेलं की फिनेलचा वास येतोच. हल्ली तो कमी व्हायला लागलाय. म्हणून मी ती धुणं बंद केलंय.