फायरवॉलची खंडेनवमी

मंडळी, घरी आल्या आल्या आपल्या कॉम्प्युटर शिक्षकांच्या ग्रुपवर हा मेल टाकतोय.

आज खंडेनवमी. भाईंदरच्या आमच्या कॉलेजात सकाळी कॉम्प्युटर लॅबमध्ये पूजा झाली. दुपारी सर्व्हर बघतो तर कोणीतरी बाहेरचा आत शिरलेला! मुलांच्या प्रबंधांच्या फाइल्स एकेक करून उडत होत्या. मी धावत जाऊन वायरच उपटली.

बाहेरच्यांना अडवायला आमच्याकडे फायरवॉलचं मशीन आहे. उत्तनच्या प्रशांतने ते प्रबंधासाठी जुन्या पीसीवर उभं केलंय. मी त्याचा गाइड. त्याला बोलावलं.

तो शांतपणे म्हणाला, "सर, मशीन सकाळीच बंद केलं. आज हत्याराला कामाला लावायचं न्हाय. आमचे बाबापण आज होडी काढत न्हाय."

"अरे, मग इंटरनेट कसं चालू होतं?"

"पोरांचं काम अडायला नको म्हणून लाइनची वायर सरळ सर्व्हरला लावली."

नेटवर्क सिक्युरिटीच्या माझ्या वर्गातला हा सगळ्यात हुशार मुलगा! भयंकर ओरडलो त्याच्यावर.

तो मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पण सर, पूजा तर तुमीच केली ना?"

केली. त्या बंद मशीनला मीच हळदकुंकू वाहिलं. हार सरळ बसलाय का, एवढंच पाहिलं. मशीनचा दिवा लागलेला नाही, हे मला दिसलंच नाही.

तुमच्याही लॅबमध्ये आज पूजा झाली ना? मग उत्तर नंतर लिहा. आधी जाऊन बघा, हाराखालचं मशीन चालू आहे का?