तेलाचं बोट आणि सतरावा फॉन्ट

अंबरनाथच्या अभ्यासिकेत मी तीन दिवस कोडिंगसाठी फॉन्ट शोधत होतो, एकही पटेना. शेजारचा अनोळखी माणूसही लॅपटॉपवर फॉन्टच बदलत होता. शून्य आणि इंग्रजी ओ शेजारी शेजारी टाइप करायचा, केसांतल्या तेलाचं बोट चष्म्याच्या काचेवर फिरवायचा आणि डोळे बारीक करून बघायचा.

मला राहवलं नाही. "काका, चष्मा कशाला खराब करताय?"

"एमआयडीसीत लेथ मशीनचे प्रोग्राम लिहून देतो. ऑपरेटर कागद बघून ते मशीनवर टाकतो, त्याच्या चष्म्यावर तेल उडालेलं असतं. त्यालाही शून्य शून्यच दिसलं पाहिजे. चुकलं तर हात जाईल ना त्याचा!"

सगळ्यांत कुरूप फॉन्ट निवडून, चष्मा शर्टाला पुसत तो निघून गेला.

मी पाय हलवत सतरावा फॉन्ट उघडला. माझा कोड कोण वाचतं, तेच मला माहीत नव्हतं.