मागल्या दारचं घंगाळ

स्पिरिटचा वास आला की मला आमच्या नौपाड्याच्या घराचं मागलं दार आठवतं. तेव्हा मी मुंबईला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो आणि त्या वर्षी आम्हाला बकऱ्याचं रक्त नि पित्त तपासायला देत; नंतर हात स्पिरिटनं पुसले की त्याचा वास घरापर्यंत अंगाला राही. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. विटाळलेल्या हातांनी विहिरीला शिवायचं नाही, अंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. पण संध्याकाळी आगगाडीतून उतरून मी परसात येई, तेव्हा घंगाळ काठोकाठ भरलेलं असे. ते स्वतः पाणी काढून ठेवत. पुढे त्यांना ताप येऊ लागला, तरी ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एका संध्याकाळी पाहतो तो घंगाळ कोरडं. पोहऱ्याला हात लावायचा धीर होईना, म्हणून मी तसाच उभा राहिलो. आई दारात आली. "थांबू नकोस रे, तसाच आत ये," ती म्हणाली, "आज सगळ्यांनाच अंघोळ आहे." वडील गेल्याचं मला असं कळलं. आता मला अडवणारं घरात कुणी उरलेलं नाही. तरी अंगाला स्पिरिटचा वास असला की मी मागल्या दारानंच येतो.