तीन बोटांचे रूळ

त्या खेळण्यातल्या गाडीची आठवण निघाली की अजून माझं डोकं फिरतं. मेली हातभर पत्र्याची गाडी, पण तिच्यापायी माझी नणंद सासरच्या बोलावण्याची वाट बघत दीड वर्ष माहेरी बसून होती.

आम्ही तेव्हा कल्याणला राहत होतो. आमचे हे रेल्वेत, मालधक्क्यावर नोकरीला. वन्संना ठाण्याला दिलेलं, खोपटाकडे. सासरची खाडीकाठी मिठागरं, घरात कशाची ददात नाही. जावईबापूंना आगगाड्यांचं भारी वेड. पहिल्या दिवाळसणाला अंगठी नको म्हणाले, गोफ नको म्हणाले. मुंबईत फोर्टातल्या दुकानात जर्मनीची किल्लीची गाडी आली आहे, तीच हवी. ह्यांना कोण आनंद! रेल्वेच्या माणसाकडे जावयानं रेल्वे मागितली. गाडी आणली, किल्ली दिली, ओसरीभर धावली. बघायला सगळी आळी लोटली.

पुढच्या वर्षी त्याच कारखान्यानं नवी टूम काढली. गाडी नुसती जमिनीवर पळवायची नाही, तिला रूळ घ्यायचे. यंदा रुळांचा गोल, पुढच्या वर्षी सांधा, मग स्टेशन, असं दर सणाला वाढवत न्यायचं. ह्यांनी हौसेनं रूळ घेतले. खोक्यावर कारखान्याची खूण तीच आहे एवढं पाहिलं आणि दिवाळीत ठाण्याला पोचवले. मापून मात्र पाहिले नाहीत. त्यांच्या लायनीवर मुंबईपासून पार भुसावळपर्यंत कुठलंही इंजिन कुठल्याही रुळावर चालायचं. एकाच कंपनीचे रूळ दोन रुंदीचे असतील, हे रेल्वेच्या माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. तिकडे जावईबापूंनी मंडळी जमवली, थाटात गाडी ठेवली, तर ती धप्पकन दोन रुळांच्या मधे पडली. वर चाकं आपली फिरताहेत! सगळे खो खो हसले.

महिन्याभरात वन्संना माहेरी आणून सोडलं. विहीणबाईंचा निरोप आला, "कुणाचा तरी टाकाऊ माल आमच्या गळ्यात मारलात. गाडीला रूळ जुळतील तेव्हा सून घेऊन जाऊ."

मी म्हटलं, असल्या घरी मुलगी परत पाठवायचीच कशाला? सासूबाई माझ्यावर डाफरल्या. "तोंड आवर. टाकलेली म्हणतील लोक तिला. जन्म काढायचाय पोरीला." त्यांचंही खोटं नव्हतं. नदीवर धुणं धुताना बायका आम्हाला पाहून गप्प व्हायला लागल्या होत्या. 

वन्सं दिवसभर घरकामात बुडालेल्या असत. जेवायला बसल्या की एक पोळी संपल्यावर हात थांबायचा, आणि विचारायच्या, "आणखी घेऊ का?" अहो, सख्ख्या आईच्या घरात! मी चेष्टेनं म्हणायची, "नको हो, आज मोजून केल्यात." त्या हसायच्या नाहीत. मग मीच त्यांच्या पानात दोन पोळ्या टाकायची आणि वर तुपाची धार.

ह्यांनी चार-सहा महिने दुकानात खेटे घातले तेव्हा कुठे उलगडा झाला. कारखान्यानं आता रुळांच्या रुंदीला नंबर दिले होते, एक, दोन आणि तीन. आमची गाडी ह्या नंबरांच्या आधीची, तिच्यावर काहीच नव्हतं. आम्ही दिलेले रूळ तीन नंबरचे, सगळ्यांत रुंद. म्हणजे हवे होते ते एक तरी, नाहीतर दोन. पण गाडी ठाण्याला! ह्यांनी चाकांचं माप मागितलं तर उलट उत्तर आलं, "मुलीकडच्यांनी आपलं आपण बघावं." ह्यांनी तो अपमान गिळला. मला गिळता आला नाही. त्या दिवशी दोन भांडी माझ्या हातून जरा जोरातच आपटली.

तेव्हा वन्सं हळूच म्हणाल्या, "दादा, रोज मीच पुसायची ती गाडी. दोन चाकांच्या मधे माझी तीन बोटं जायची, नेमकी."

ह्यांनी लगेच त्यांची तीन बोटं जुळवून धरली, तेवढ्या मापाची बांबूची कामटी तासली आणि दुकानात नेली. तिथे नमुन्याचे रूळ होते. एक नंबरच्या मधे कामटी शिरेना, दोनच्या मधे छान बसली. दोन नंबरचे रूळ जर्मनीहून मागवले. ते यायला दुसरी दिवाळी उलटून गेली.

चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असायचं. सासूबाईंनी विहीणबाईंना आग्रहाचं बोलावणं धाडलं, येताना गाडी आणा म्हणून सांगितलं. आदल्या दिवशी कासार आला. वन्संच्या सासरच्या बांगड्या हातातून निघेनात, वाढवाव्या लागल्या. "बाई, तुमचं एक माप वाढलंय," तो म्हणाला. मी म्हटलं, बरंच झालं, नव्या बांगड्या लेवून सासरी जाल.

दुपारी आरास मांडली. वर गौर, खाली पायऱ्यांवर बाहुल्या, कलिंगडाची कमळं, आणि समोर पाटावर रुळांचा गोल. दाराशी वन्संच्या कपड्यांचं गाठोडं तयार. सासूबाईंचे ओठ सारखे हलत होते, जप चालला होता. हे मागच्या पडवीत येरझाऱ्या घालत होते. बायकांत येता येईना आणि लांबही जाववेना.

विहीणबाई आल्या. शालीत गुंडाळलेली गाडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बघू या तुमची करामत." ओटीसाठी आलेल्या बायका पाटाभोवती गोळा झाल्या.  किल्ली दिली आणि देवाचं नाव घेऊन गाडी रुळांवर ठेवली.

ती परत मधे पडली. चाकं घर्रर्र फिरत राहिली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सासूबाई पुढे होऊन पाटाशी बसल्या. मग वन्संकडे वळून ओरडल्या, "तीन बोटं म्हणालीस ना गं? तीन?"

"तीनच जायची आई. देवाशप्पथ."

सासूबाईंनी त्यांचा हात ओढला आणि तीन बोटं चाकांमधे घालायला लावली. दोन गेली. तिसरं काही केल्या जाईना.

विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "अहो जाईल कसं? माहेरी खाऊन खाऊन हात केवढा झालाय तिचा! आमच्याकडे होती तेव्हा कशी काडीसारखी होती."

सासूबाईंनी तो हात सोडला नाही. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. नव्या बांगड्यांवरून बोट फिरवलं.  मलाही तेव्हाच लख्ख कळलं. अगं बाई, म्हणून का ही पोर प्रत्येक पोळीला विचारत होती!

सासूबाई उठल्या. विहीणबाईंची ओटी भरली, भिजवलेले हरभरे घातले, पन्ह्याचा पेला हातात दिला. सवाष्ण दारातून रिकामी जाऊ द्यायची नाही, ती रीत त्यांनी सोडली नाही. मग गाडी शालीत गुंडाळून परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही घेऊन जा. पोर इथेच राहील."

"लोक काय म्हणतील, विचार केलात का?" विहीणबाई म्हणाल्या.

"म्हणू देत," सासूबाई म्हणाल्या. त्यांची नजर खाली गेली नाही. मी पुढे होऊन ते गाठोडं उचललं आणि आत नेऊन सोडलं.

संध्याकाळी सगळ्या बायका गेल्यावर आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो.  वन्संनी कैरीच्या डाळीचं पातेलं पुढ्यात ओढलं आणि कुणालाही न विचारता वाटी भरून घेतली.