नानांचं कल्याण बंदर

मी आज शाळेत इतिहास शिकवतो, याचं सगळ्यात मोठं श्रेय आमच्या नानांना आहे. आणि कल्याणचा नानांइतका अभिमान अख्ख्या जगात दुसऱ्या कुणालाही नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. नाना म्हणजे माझे तेव्हाचे घरमालक, खाडीकाठच्या जुन्या कोळी घराण्यातले. मी नगरकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी कल्याणला आलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कागद अपुरे म्हणून प्रवेशाच्या खिडकीवरून मला परत पाठवलं, तेव्हा नाना तीन दिवस माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. तीन दिवसांनी मला प्रवेश मिळाला आणि रांगेतल्या सगळ्यांना कल्याणचा इतिहास.

कुणी ‘कल्याण जंक्शन’ म्हटलं की नाना दुखावतात. “जंक्शन मागशी झाला. आधी बंदर!” मुंबईला ते कालची पोर म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख आहेत, हे ते अशा थाटात सांगतात की दान त्यांच्या चुलत्यानेच दिलं असावं. मराठ्यांच्या आरमाराची पहिली गलबतं याच खाडीत बांधली गेली, हे सांगताना तर ते उठून उभे राहतात. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नाना त्यांना भर दुपारी थेट दुर्गाडी किल्ल्यावर घेऊन गेले. “अहो, पोरीला बघाला आलेत, किल्ल्याला नाय!” असं नानांची बायको, आमच्या काकू, दारातून ओरडत राहिल्या. पाहुण्यांना पोह्यांच्या आधी आरमार मिळालं. लग्न मात्र जमलं, कारण मुलाचे वडील चढून इतके दमले होते की नाही म्हणायची ताकदच त्यांच्यात उरली नव्हती.

अशा माणसाकडे मी मागच्या महिन्यात माझ्या सातवीच्या वर्गाची सहल नेली. नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आजवर त्यांनी एकदोन पाहुण्यांनाच बंदर दाखवलं होतं; आख्खी शाळा पहिल्यांदाच येत होती. वेळ मात्र मी ठरवली. मोबाइलवर भरती दहाची दिसली, म्हणून मानपाड्याच्या शाळेतून निघालेली आमची बस बरोबर दहाला खाडीवर. समोर नुसता चिखल, त्यात कलंडलेल्या दोन होड्या.

“सर, हे बंदर?”

“भाई, जहाज पार्क कुठे करायचे?” मागून आवाज आला आणि सगळा वर्ग हसला.

नाना हळूच मला म्हणाले, “टाइम कोनाला इचारलास?”

“मोबाइलला.”

“त्यो मुंबैचा टाइम. पानी तिथशी निंगालंय. इथवर यवाला दोन तास लागतील का नाय?”

चार वर्षं त्या घरात राहून मी हे विचारायला विसरलो होतो. नाना आमच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. “बाई, जरा थांबा. पान्यासाठी गलबतंपन इथं थांबायची.” बाई समजूतदार आहेत, पण मुलांचे डबे शाळेत होते. नानांनी चिखलाकडे बोट करून धक्का दाखवला, गोद्या दाखवल्या. मुलं टाचा वर करून बघत होती. दिसत काहीच नव्हतं. साडेअकराला बस निघाली. वळणावर मी मागे पाहिलं. खाडीत पाण्याची बारीक रेघ आत सरकत होती आणि नाना हात लांब करून ती दाखवत होते. शेजारी कुणीच नव्हतं.

मग मी नानांना पत्र लिहिलं:

‘ती. नानांना साष्टांग नमस्कार.

चूक माझी होती. मुलं तुम्हाला हसली, त्याचा दोष त्यांना देऊ नका. काल त्यांनी सहलीवर निबंध लिहिले. बहुतेकांनी चिखलाबद्दल लिहिलं आहे. एका मुलीने शेवटी लिहिलंय, “आजोबांना जे दिसत होतं ते आम्हाला बघायचं राहिलं.” हे वाक्य मी बाईंना वाचून दाखवलं. त्या पुन्हा बस मागवणार आहेत.

नाना, माझ्यासाठी तुम्ही तीन दिवस थांबलात, मी तुमच्यासाठी दोन तास थांबलो नाही. दिवस आणि वेळ आता तुम्हीच कळवा. शाळा त्याप्रमाणे भरवू, असं बाई म्हणाल्या आहेत.

तुमचा,
वरच्या खोलीतला मास्तर’