मातीची पंगत

शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून हात मातीत. आमच्या भंडाऱ्याकडे चिकणमातीत नदीची वाळू मिसळतात, म्हणजे भाजताना भांडं तडकत नाही. ते इतकं अंगवळणी पडलेलं, की मालवणलाही मी वेगळा विचार केला नाही. समोर किनारा होता, घमेलं भरून वाळू आणली.

काम माझं स्वतःचं पहिलंच. ज्या शिल्पकार बाईंकडे मी सहा वर्षं माती मळली, त्यांनीच शब्द टाकून मला मालवणच्या एका बंद घराचं अंगण मिळवून दिलं. त्या घरचे सगळे मुंबईला. तिथे मी पंगत मांडणार होतो: केळीच्या पानाएवढी चाळीस ताटं, भाजलेल्या मातीची, समोरासमोर, आणि जेवायला कोणी नाही. बाई म्हणाल्या, "रविवारी लोक येतील ते तुझं काम बघायला. माझं नाही." तेव्हापासून मला घास उतरत नव्हता.

गुरुवारी भट्टी उघडली. ताटं लाल, खणखणीत. ओसरीवर मांडून बघत बसलो. दाखवायला कोणी नव्हतं. आईला फोन केला तर म्हणाली, "ताटंच करायची होती, तं घरीच करायची ना."

शुक्रवारी दुपारी 'टिक' असं वाजलं. एका ताटातून नखाएवढी कपची उडाली होती. खड्ड्यात पांढरा ठिपका. मग दुसरं ताट, मग तिसरं. बाईंना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. त्यांच्या शब्दाचं काय झालं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी गावी परतायला पिशवी भरायला घेतली.

घराची किल्ली सांभाळणारी शेजारची काकी अंगण झाडायला आली. तिने ताट उचललं, ठिपक्यावर नख फिरवलं.

"रेव खंयची घातलंस रे?"

"समोरची."

"अरे माझ्या बाबा! तेच्यात शिंपल्यांचो चुरो आसता. आमचे म्हातारे शिंपले भाजून चुनो करीत नि भिंतीक लावीत. तू ताटात वाढलंस!" हसताना तिच्या हातचा खराटा पडला. मग माझं तोंड बघून म्हणाली, "रडतंस कित्याक? पाण्यात बुडव. हवेन थोडो थोडो फुगता, म्हणान फोडता. एकदा भिजान गेलो काय गप बसतलो."

दोघांनी ताटं हौदात सोडली. बुडबुडे निघत राहिले. सकाळी अकरा ताटांचे तुकडे हातात आले. बाकीची टिकली, काहींवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मांड."

मांडताना काकीने विचारलं, "ह्या पंगतीत तू खंय बसतलंस?"

"मी वाढपी."

"वाढपीय मागसून बसता मा?"

रविवारी लोक आले, फोटो काढून गेले. बाईही गेल्या. मग मी कडेच्या, सगळ्यात खड्डे पडलेल्या ताटासमोर मांडी घातली आणि कान लावून बसलो. एकही ताट वाजलं नाही.