अकरा विषं आणि अर्धा पेला कॉफी

“अकरा जणांस विष घातलें मी, पण कॉफींत साखर कमी होती अशी तक्रार एकाचीहि नाहीं.”

विशालाक्षीबाई हे वाक्य कुंभकोणमच्या भाजीबाजारात, वांगी निवडता निवडता, नवऱ्याला म्हणाल्या होत्या. तंजावरकडच्या मराठी घरांत तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी अजून चुलीशी बसून आहे. त्याच मराठीत म्हणाल्या. भाजीवालीने तमिळमध्ये विचारलं, बाई काय म्हणतात? हनुमंतरावांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी शब्दन्‌शब्द भाषांतर करून सांगितलं. भाजीवालीने दोन वांगी जास्तीची टाकली आणि स्वतःचा ताकाचा डबा उचलून पलीकडच्या बाजूला ठेवला.

नऊ वर्षं झाली, सोमवार ते शनिवार, दुपारी दोन वाजता टीव्हीवर विशालाक्षीबाई मरकतम् होतात. मरकतम् ही एका मोठ्या गिरणीवाल्या घराण्याची कर्ती बाई. तिला तीन मुलगे, तीन सुना. सुनांचं तिला पटत नाही, मुलांचं तिच्यावाचून चालत नाही, आणि मालिकेचं तर अजिबातच चालत नाही. महिन्यातले बारा दिवस बाई रेल्वेने चेन्नईला जातात. तिथल्या एका भाड्याच्या बंगल्यात एक रुंद जिना आहे. नऊ वर्षं त्या तो जिना उतरताहेत. वर गेल्या त्या फक्त उतरण्यासाठी. वरती प्लायवूडची भिंत आहे आणि एक टेबलपंखा.

मरकतम्‌चा आवाज मात्र त्यांचा नाही. त्यांचा स्वतःचा आवाज बारीक, चहाच्या कपाला चमचा लागावा तसा. त्या आवाजात धमकी दिली तर ऐकणारा पाणी आणून देईल. म्हणून चेन्नईतली एक दुसरी बाई काचेच्या खोलीत बसून मरकतम्‌चं बोलणं बोलते. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी मरकतम् दाराशी जाते, थांबते, सावकाश वळते आणि एक वाक्य टाकते. तीनदा ढोल वाजतो. नऊ वर्षांत एकही प्रसंग तिच्या त्या वळण्यावाचून संपलेला नाही, आणि ते वाक्य एकदाही विशालाक्षीबाईंच्या आवाजात कुणी ऐकलेलं नाही. त्यांचे असतात ते फक्त डोळे.

ते डोळे सापडले कसे, तेही कॉफीमुळेच. एका मालिकेची मंडळी महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर काम करत होती. विशालाक्षीबाई पिशवीत कढीपत्ता घेऊन गर्दीत उभ्या होत्या. नटी पितळी पेल्यातून खालच्या खोलगट वाटीत कॉफी ओतत होती, वाटीतून पेल्यात, आणि फेस येत नव्हता. सात वेळा ओतली. आठव्या वेळी विशालाक्षीबाईंना राहवेना. हात वर ने, म्हणाल्या. आणि कॉफीकडे बघू नकोस. कॉफीकडे बघून ओतली की सांडते. पिणाऱ्याकडे बघायचं. हे त्यांना आईने शिकवलं होतं, आईला तिच्या सासूने.

दिग्दर्शक वैतागलेला होता. तुम्हीच करून दाखवा, म्हणाला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पेला डोक्याच्या वर नेला आणि कॉफीची धार सोडली. धार तुटली नाही. त्यांची नजर समोर बसलेल्या दिग्दर्शकावर होती. तो नंतर सांगे की तेवढ्या वेळात त्याला आपली सगळी पापं आठवली. तिसऱ्या महिन्यात त्यांना मरकतम् मिळाली.

तेव्हापासून मरकतम् जे काही वाईट करते ते कॉफीतून करते. वकिलाला, व्याह्याला, धाकट्या दिराला, एका ज्योतिषाला. प्रत्येक विषानंतर विशालाक्षीबाई एक गोष्ट करतात, जी कंपनीच्या करारात नाही. त्या तिरुनीलक्कुडीला जातात. तिथला महादेव हलाहल प्यालेला. त्याला तिळाच्या तेलाचं स्नान घालतात, आणि लोक सांगतात की कितीही तेल घाला, पिंडी ते पिऊन टाकते. बाई तेल देतात, हात जोडतात आणि परत येतात. हनुमंतरावांनी एकदा समजावलं, की अगो, ती साखर असते, पांढरी, दळलेली, तिचं कसलं प्रायश्चित्त.  त्या म्हणाल्या, पाप विष घातल्याचं नाही. घालताना मजा येते त्याचं.

गावाने आपल्या परीने सोय करून घेतली होती. फुलवाली गजरा हातात न देता केळीच्या पानावर ठेवून पुढे सरकवी. तिरुनागेश्वरम्‌च्या राहूच्या देवळाबाहेरच्या रांगेत एका परगावच्या बाईने त्यांना ओळखलं आणि स्वतःची जागा देऊन पुढे पाठवलं: तुम्हालाच जास्त गरज आहे. सर्वांत जास्त काळजी हनुमंतरावांची होती. बँकेतून निवृत्त झालेला हा गोरा, गोल, आनंदी माणूस रोज दोनदा बायकोच्या हातची कॉफी पितो हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारचे लोक त्यांना सकाळी फिरायला निघालेलं पाहून तब्येतीची चौकशी करत. उत्तम आहे, ते म्हणत. लोक एकमेकांकडे बघत. हळू चढणारं असेल.

हे सगळं चाललं असतं. पण चंद्रमौळी चौतीस वर्षांचा झाला.

चंद्रमौळी त्यांचा एकुलता मुलगा, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. तंजावर, कुंभकोणम, पापनाशम् धरून मराठी घरं ती किती, त्यात जुळणारी गोत्रं किती, त्यात वयात आलेल्या मुली किती. चार स्थळं आली. चारही वेळा मुलीकडचे घर बघायला आले, बसले, हसले, आणि त्यांच्यापुढची कॉफी थंड झाली. इकडे तोंडाने नकार कुणी देत नाही. पुढ्यातल्या कॉफीला हात न लावता उठायचं, तोच नकार. चारही वेळा पाहुणे गेल्यावर हनुमंतरावांनी साय बाजूला करून ती कॉफी पिऊन टाकली. टाकवत नाही म्हणून.

पाचवी मुलगी दिव्यश्री. पापनाशम्‌ला जनावरांची डॉक्टर. शेजाऱ्यांची गाय अडली तेव्हा ती आली होती, आणि चंद्रमौळीने कंदील धरावा तसा मोबाईलचा दिवा धरला होता. गाय मोकळी झाली, चंद्रमौळी अडकला. त्या दोघांचं ठरल्यासारखंच होतं. फक्त दिव्यश्रीने एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि तिला वाढवलं ते वसंता आत्याने. आत्या नाही म्हणाली तर नाही. मी रडेन, पण नाही.

वसंता आत्या म्हणजे छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली बाई. मालिकेचा एकही भाग त्यांनी चुकवलेला नव्हता.

त्यांनी रविवार निवडला, कारण रविवारी मालिका नसते. आदल्या दिवशीचा भाग संपला तो असा, की मरकतम् गरोदर मधल्या सुनेसाठी कॉफी ढवळते आहे. चमचा फिरता फिरता थांबला आणि प्रसंग अर्ध्यातच तोडून चित्र गोठलं. सोमवारपर्यंत तमाम जिल्ह्यातल्या बायकांच्या डोक्यात तो चमचा पेल्यात उभा होता.

रविवारी सकाळी घरात वाद झाला. हनुमंतरावांनी फार विचार करून सुचवलं, “शहाळीं देऊं. वरून बंद असतात.”

चंद्रमौळी म्हणाला, कॉफी मी करतो, त्यांच्यासमोर. विशालाक्षीबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि फिल्टरमध्ये पूड दाबली. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की पोरगी या घरात येणार ती जन्मभर शहाळ्यांवर राहणार का.

दहा वाजता पाहुणे आले. दिव्यश्रीचे वडील रविशंकर, मऊ स्वभावाचे, आणि त्यांची थोरली बहीण वसंता आत्या. सुती कडक साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. विशालाक्षीबाईंनी आतून तबक आणलं. त्या खोलीत शिरल्या तेव्हा रविशंकरांची नजर नकळत छताकडे गेली. ढोल कुठून वाजेल ते पाहत असावेत.

पेले पुढे ठेवले गेले. चंद्रमौळीच्या कॉलेजची चौकशी झाली. दिव्यश्रीने गेल्या आठवड्यात वाचवलेल्या रेड्याची गोष्ट झाली. फेस बसला. रविशंकरांचा हात पेल्याकडे निघाला, आत्यांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि हात वळून चष्मा पुसू लागला. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बिचारे म्हणाले, “उद्यां ती सून पिते काय, अम्मा?”

“सांगायचें नसतें,” विशालाक्षीबाई आपल्या बारीक आवाजात म्हणाल्या.

ते खरंच होतं. करारात तसं कलम होतं. पण खोलीत ते वाक्य वेगळंच पडलं. हनुमंतरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांना पाचव्यांदा साय दिसू लागली होती.

आत्यांनी पर्स बाजूला ठेवली. मी अडाणी नाही, त्या म्हणाल्या. विष म्हणजे साखर हे त्यांना ठाऊक होतं. आवाज दुसऱ्या बाईचा हेही ठाऊक होतं. पण तिरुनीलक्कुडीच्या देवळाबाहेर जी तेल विकते ती त्यांची विद्यार्थिनी, आठवीला नापास झालेली, पण मोजण्यात पक्की. तिने सांगितलं होतं की या बाई तेल घेऊन गेल्या त्या अकरा वेळा. आणि विषं किती झाली? आत्यांनी वहीत टिपून ठेवली होती. अकरा. तारखाही जुळत होत्या.

“नाटक असेल तर तेल कशास?” आत्या म्हणाल्या. “आणि ते डोळे, बाई, ते तर उसने आणलेले नाहींत. माझी पोर त्या डोळ्यांसमोर नांदायची आहे. उत्तर द्या मजला.”

  हनुमंतरावांना उत्तर माहीत होतं, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी घाईघाईने तोंडात सुपारी टाकली.

विशालाक्षीबाईंनी आत्यांकडे पाहिलं. नऊ वर्षांत त्यांना असं कुणी पकडलं नव्हतं. समीक्षा करणाऱ्यांनी नाही, कंपनीने नाही. या बाईने मात्र वहीत टिपून पकडलं होतं, आणि ती चूक नव्हती. मजा येत होती. अकरा वेळा आली होती.

मग त्यांनी आत्यांच्या पुढचा पेला उचलला. वर साय धरली होती. त्यांनी पेला डोक्याच्या वर नेला, वाटी कमरेशी धरली, आणि कॉफी सोडली. धार लांब, बारीक, कुठे तुटली नाही. साय फाटली, फेस परत आला. वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत. डोळे आत्यांवर. ते मरकतम्‌चेच डोळे होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. रविशंकर खुर्चीत मागे सरकले. आत्या सरकल्या नाहीत. त्या गणिताच्या बाई होत्या. समोर मांडलेलं शेवटपर्यंत पाहण्याची त्यांना सवय होती.

अर्धी कॉफी वाटीत राहिली, अर्धी पेल्यात. विशालाक्षीबाईंनी वाटी उंच धरली आणि ओठ न लावता वरूनच सगळी पिऊन टाकली, इकडे जशी पितात तशी. वाटी पालथी ठेवली. पेला आत्यांपुढे सरकवला आणि समोर बसून राहिल्या.

 आत्यांनी विशालाक्षीबाईंच्या चेहऱ्याचं एकदा निरीक्षण केलं, जसं उत्तर बरोबर आलं तरी रीत बघतात तसं. मग पेला उचलला. वरून, ओठ न लावता, न थांबता प्याल्या. रविशंकरांनीही लगेच स्वतःचा पेला तोंडावर उपडा केला, इतक्या घाईने की थोडी सदऱ्यावर सांडली.

आत्यांनी पेला खाली ठेवला नाही. तो तसाच पुढे धरला.

“साखर कमी आहे,” त्या म्हणाल्या. “आणखी अर्धा पेला आणा. आणि मुहूर्त कधींचा धरायचा, तें बोला.”

हनुमंतरावांनी आ वासून बायकोकडे पाहिलं. अकरा विषांत जी तक्रार झाली नव्हती ती आज झाली होती. विशालाक्षीबाई उठल्या. आत्यांच्या हातातून पेला घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाल्या.

दार जवळ आलं. रविशंकरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. वसंता आत्या, छत्तीस वर्षं फळ्यासमोर न हललेल्या, नकळत पुढे झुकल्या. आता थांबणार. आता वळणार. आता ते वाक्य येणार.

विशालाक्षीबाई थांबल्या नाहीत, वळल्या नाहीत. एक शब्दही न बोलता त्या सरळ साखरेच्या डब्याकडे निघून गेल्या.